समुद्री सूक्ष्मजीवांचे तेल: खान्देशातल्या शेततळ्यात डिझेल पिकेल का?

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर ते वडिलांबरोबर केळी आणि मका करतात. एका कंपनीचा प्रतिनिधी त्यांच्या घरी येऊन गेला. एक एकरावर तळी खोदा, आम्ही समुद्री शैवालाचे बियाणे देतो, तयार होणारा माल डिझेलसाठी आम्हीच विकत घेतो, असा त्याचा प्रस्ताव आहे. त्यात पैसा घालावा का, हा प्रश्नाचा पहिला भाग. दुसरा भाग घरचा आहे. आईंना डॉक्टरांनी ओमेगा-3 घ्यायला सांगितले आहे, पण घर शाकाहारी असल्याने मासळीचे तेल चालणार नाही, तर शैवालाचे तेल त्याची जागा घेऊ शकते का?

खाद्यतेल शुद्धीकरण आणि किण्वन (टाकीत सूक्ष्मजीव वाढवून त्यांच्याकडून माल बनवून घेणे) या दोन्ही क्षेत्रांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधाराने उत्तर देतो. पहिल्या भागाचे उत्तर नाही असे आहे, दुसऱ्याचे हो. दोन्ही उत्तरांमागचे कारण मात्र एकच आहे, म्हणून ते सविस्तर सांगणे भाग आहे.

समुद्रातले काही सूक्ष्मजीव भरपूर तेल साठवतात, हे शंभर टक्के खरे आहे. नॅनोक्लोरोप्सिस, फिओडॅक्टिलम यांसारखी सूक्ष्मशैवाले सूर्यप्रकाशावर वाढतात. पाण्यातला नत्र संपला की त्यांचे विभाजन मंदावते, पण प्रकाशाच्या जोरावर घेतला जाणारा कार्बन आत येतच राहतो आणि पेशी तो तेलाच्या रूपाने साठवू लागते. नाइल रेड नावाचा रंग घालून असा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पेशीच्या पोटात सोनेरी पिवळ्या रंगाचे गोल थेंब चमकताना दिसतात. ते दृश्य पाहून कोणाच्याही मनात डिझेलचा विचार येईल, आणि तो जगभरातल्या शहाण्या माणसांच्या मनात आलाही. अडचण अशी की ज्या उपासमारीने पेशीत तेल भरते, तीच उपासमार तिची वाढ थांबवते. तेलाची टक्केवारी वाढली तरी दर दिवशी हाती येणारे एकूण तेल त्या प्रमाणात वाढत नाही.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1978 ते 1996 या काळात याच विषयावर मोठा कार्यक्रम चालवला. तीन हजारांहून अधिक वाण गोळा केले आणि न्यू मेक्सिकोमधल्या रोझवेल येथे प्रत्येकी एक हजार चौरस मीटरची उघडी तळी बांधून चाचण्या घेतल्या. एखाद्या चांगल्या दिवशी चौरस मीटरला 50 ग्रॅम वाढ मिळाली, पण थंड रात्रींमुळे वर्षाची सरासरी दहा ग्रॅमच्या आसपासच राहिली. पुढे एक्सॉनमोबिल या बलाढ्य कंपनीने 2009 मध्ये सिंथेटिक जिनोमिक्स या जैवतंत्रज्ञान कंपनीबरोबर काम सुरू केले. 2017 मध्ये त्यांच्या शास्त्रज्ञांनी नॅनोक्लोरोप्सिसमधले तेलाचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांवरून 40 टक्क्यांपुढे नेले, आणि तेही वाढ फारशी न घटवता. शास्त्र म्हणून ते काम उत्तम होते. तरीही 2023 च्या सुरुवातीला एक्सॉनने या क्षेत्रातून हात काढून घेतला. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने समुद्री शैवालापासून बायोडिझेल करून त्यावर गाडी चालवूनही दाखवली आहे. म्हणजे गाडी चालते का, हा प्रश्न सुटलेला आहे. परवडते का, हा सुटलेला नाही.

आता तुमच्याच एक एकराचा हिशेब मांडू. वर्षभराची सरासरी वाढ मी उदार मनाने चौरस मीटरला रोज 15 ग्रॅम धरतो. एका एकरात साधारण 4,047 चौरस मीटर असतात, म्हणजे रोज 60 किलो कोरडे शैवाल. त्यात 25 टक्के तेल धरले तर रोज 15 किलो तेल. वर्षाचे 300 दिवस धरले तर साडेचार टन तेल होते, आणि भुईमुगाच्या एकराशी तुलना केली तर हा आकडा डोळे दिपवणारा आहे. प्रतिनिधीने तुम्हाला हाच आकडा दाखवला असणार. त्याच्या पुढचा हिशेब त्याने दाखवला नसावा.

उघड्या तळ्यात शैवाल फार विरळ असते, लिटरला अर्धा ग्रॅम म्हणजे चांगले. त्यामुळे 60 किलो माल काढायला रोज 1 लाख 20 हजार लिटर पाणी गाळावे लागते. पेशी काही मायक्रॉनच्या, त्यामुळे कापड किंवा जाळी कामाची नाही. निवळी घालून गाळ बसवावा लागतो किंवा सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने फिरवून घन भाग वेगळा करणारे यंत्र, लावावा लागतो. सगळे पाणी सेंट्रिफ्यूजमधून काढायचे ठरवले आणि एका घनमीटरला एकच युनिट वीज धरली, तरी रोज 120 युनिट लागतील. त्या 15 किलो तेलात असलेली सगळी उष्णता मोजली तर ती 155 युनिटांच्या जवळपास भरते. शिवाय हाती आलेल्या लगद्यात जेमतेम पाचवा हिस्सा घन असतो. तो वाळवायला 240 लिटर पाणी उडवावे लागते आणि त्यासाठी लागणारी उष्णता पुन्हा जवळजवळ तेवढीच असते. आपल्या उन्हात वाळवू म्हणाल तर तेल हवेने आणि प्रकाशाने खवट होते. निवळीने विजेचा खर्च बराच कमी करता येतो, हे मान्य. पण लिटरला शंभर रुपये भाव धरला तरी दिवसाचे तेल सोळा-सतराशे रुपयांचेच आहे, आणि त्यातून वीज, मजुरी, खत, कार्बन डायऑक्साइड आणि तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद हे सगळे भागवायचे आहे. खताचे म्हणाल तर एवढ्या वाढीला रोज आठ-नऊ किलो युरियाइतका नत्र लागतो. कार्बन डायऑक्साइड एक किलो शैवालामागे पावणेदोन किलोंच्या पुढे लागतो आणि तो हवेतून आपोआप त्या वेगाने पाण्यात विरघळत नाही. शेजारी धुराडे किंवा डिस्टिलरी नसेल तर तो टँकरने विकत आणावा लागेल.

हा झाला कोणत्याही गावाचा हिशेब. खान्देशात त्यावर दोन गोष्टींची भर पडते आणि माझ्या मते त्या पैशापेक्षा गंभीर आहेत.

पहिली गोष्ट पाण्याची. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांवर जातो आणि कोरडा वारा वाहतो. अशा दिवशी उघड्या पाण्याची एक सेंटीमीटर पातळी सहज उडते. एक एकरावरचे एक सेंटीमीटर म्हणजे 40 हजार लिटर. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या एक एकर केळीला, झाडामागे दिवसाला वीस लिटर धरले, तर 35 हजार लिटर लागते. म्हणजे केळीच्या बागेपेक्षा जास्त गोडे पाणी निव्वळ बाष्पीभवनाच्या भरपाईसाठी द्यायचे. ज्या चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात कूपनलिका दरवर्षी आणखी खोल न्याव्या लागतात, तिथे हे करायचे का, याचा विचार आकडेमोडीच्या आधी व्हायला हवा.

दुसरी गोष्ट मिठाची. तापी ज्या समुद्राला मिळते तो आपल्यापासून तीनशे किलोमीटरवर, सुरतेच्या पलीकडे आहे, त्यामुळे समुद्राचे पाणी इथे मीठ घालून तयार करावे लागेल. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. एक एकराचे तळे पाव मीटर खोल धरले तर त्यात दहा लाख लिटर पाणी राहते, म्हणजे 35 टन मीठ. शेततळ्याचा कागद उन्हाने विरतो, उंदीर-घुशी तो कुरतडतात, आणि तो कुठे ना कुठे फाटतोच. गोड्या पाण्याचे तळे गळले तर पाणी जाते. खाऱ्या पाण्याचे गळले तर काळ्या जमिनीत सोडियम शिरतो, मातीची घडण मोडते, निचरा बंद होतो, आणि खालच्या विहिरीही बाधतात. असे शेत पूर्वपदावर आणायला जिप्सम, भरपूर गोडे पाणी आणि कित्येक वर्षे लागतात. केळीच्या पट्ट्यात हा धोका पत्करणे मला अजिबात पटत नाही, मग खरेदीची हमी कोणीही देवो.

इथवर वाचून समुद्री सूक्ष्मजीवांचा नादच सोडावा असे वाटेल, तर तसे नाही. त्यांच्यातला दुसरा एक गट प्रकाशावर जगतच नाही. थ्रॉस्टोकिट्रिड या नावाने ओळखले जाणारे हे एकपेशीय जीव खारफुटीच्या गळून पडलेल्या, कुजणाऱ्या पानांवर आणि किनाऱ्याच्या चिखलात राहतात. शायझोकिट्रियम आणि ऑरँटिओकिट्रियम ही त्यांच्यातली उद्योगाला ठाऊक असलेल्या दोन प्रजाती. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर अर्थाने ती शैवाले नाहीत, पण बाजारात त्यांचे तेल शैवालाचे तेल म्हणूनच विकले जाते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. शेषगिरी रघुकुमार यांनी या जीवांवर दीर्घकाळ काम केले आहे. तुमच्या विषयाशी ते थेट जोडलेले असल्याने तुम्ही ते अवश्य वाचावे.

हे जीव ग्लुकोज किंवा ग्लिसरीन खातात आणि बंद पोलादी टाकीत, अंधारात, लिटरला शंभर ग्रॅमच्याही पुढे वाढतात. तळ्यातल्या अर्ध्या ग्रॅमशी ही तुलना करा. त्यांच्या कोरड्या वजनात निम्मे किंवा त्याहून अधिक तेल भरते, आणि त्या तेलातल्या स्निग्धाम्लांपैकी (फॅटी ॲसिडपैकी) 35 ते 45 टक्के डीएचए असते. हेच मासळीच्या तेलातले मोलाचे ओमेगा-3 स्निग्धाम्ल. मासा ते स्वतः जवळजवळ बनवत नाही. सूक्ष्मजीव ते बनवतात, सूक्ष्मजीवांना बारीक प्राणी खातात, त्यांना मासे खातात, आणि असे ते माशापर्यंत पोहोचते. शैवालाचे तेल म्हणजे हा लांबचा फेरा टाळून मुळाशी जाणे.

दहा हजार लिटर द्रव भरून चालणारी एक टाकी पाच दिवसांत एक टन कोरडा माल, म्हणजे 500 किलो तेल देऊ शकते. तुमचे एक एकराचे तळे त्या पाच दिवसांत 75 किलो देईल. मग याच टाकीतून डिझेल का काढू नये? कारण एक किलो तेलासाठी व्यवहारात साधारण पाच किलो ग्लुकोज खर्ची पडते. नुसत्या ग्लुकोजचाच खर्च डिझेलच्या भावापलीकडे जातो. खाद्य दर्जाच्या डीएचए तेलाला मात्र डिझेलच्या अनेक पटींनी भाव मिळतो आणि तो हा खर्च सोसतो.

यात रसायनशास्त्राचा एक मुद्दाही आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डीएचएच्या साखळीत सहा दुहेरी बंध असतात. मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या पेशींना त्या बंधांमुळे येणारी लवचिकता हवी असते. पण तेच बंध हवेतला प्राणवायू सहज पकडतात, तेल चिकट होते, आणि इंजिनात गेले तर फिल्टर व नोझलवर डिंकासारखा थर बसतो. म्हणूनच बायोडिझेलच्या युरोपीय मानकात चार किंवा अधिक दुहेरी बंध असलेल्या घटकांना एक टक्क्याचीच मुभा आहे आणि आयोडीन मूल्याची, म्हणजे तेलातल्या दुहेरी बंधांच्या मापाची, मर्यादा 120 आहे. समुद्री सूक्ष्मजीवांच्या तेलाचा जो गुण ताटात मोलाचा, तोच इंजिनात दोष ठरतो. एकाच तळ्यातून डिझेलही आणि ओमेगा-3 ही, असे कोणी सांगत असेल तर त्याला स्निग्धाम्लांचा अहवाल मागा.

बाजारानेही हाच कौल दिला आहे. अमेरिकेतली मार्टेक ही कंपनी क्रिप्थेकोडिनियम कोहनाय या समुद्री जीवापासून बाळांच्या दुधाच्या भुकटीसाठी डीएचए बनवू लागली. 2001 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्या वापरावर आक्षेप घेतला नाही आणि तो व्यवसाय उभा राहिला. सोलाझाइम या कंपनीने इंधनापासून सुरुवात केली, पुढे ती खाद्यतेलाकडे वळली, तरी 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे तंत्रज्ञान कॉर्बियनने विकत घेतले आणि आज ते माशांच्या खाद्यातल्या डीएचएसाठी वापरले जाते. आणि 2019 मध्ये व्हेरामॅरिस या कंपनीचा ओमेगा-3 चा मोठा कारखाना सुरू झाला तो नेब्रास्कातल्या ब्लेअर या गावी. समुद्र तिथून खूप दूर आहे, पण चहूकडे मका आहे आणि शेजारीच मक्यापासून ग्लुकोज बनवणारा उद्योग आहे.

हे उदाहरण मी मुद्दाम देतो आहे, कारण मका खान्देशातही मुबलक होतो आणि दोंडाईचा येथे मक्यापासून स्टार्च व लिक्विड ग्लुकोज बनवण्याचा उद्योग आहे. जळगावात तेलाचा धंदा जुना आहे. सरकीचे तेल काढणे, ढेप वेगळी करणे, डीगमिंग (चिकट भाग काढणे), ब्लीचिंग (रंग उतरवणे), दुर्गंधीहरण या सर्व गोष्टी इथल्या कारागिरांच्या हातात बसलेल्या आहेत. म्हणजे साखळीची दोन्ही टोके आपल्याकडे आहेत आणि मधली कडी नाही. ती मधली कडी म्हणजे निर्जंतुक किण्वन, आणि ती स्वस्त किंवा सोपी नाही. हे जीव काही तासांत दुप्पट होतात, तर बाहेरचा जिवाणू वीस-तीस मिनिटांत. एका झडपेतून शिरलेला जिवाणू दोन दिवसांत संपूर्ण टाकी नासवतो. पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमान टिकवायला मे महिन्यात चिलर अखंड चालू लागतो. हवा देणारा कॉम्प्रेसर बंद पडला तर दाट वाढीतला विरघळलेला प्राणवायू काही मिनिटांतच संपतो, म्हणून जनरेटरशिवाय हा धंदा नाही. मिठाची मात्र इथे भीती कमी. या जीवांना सोडियम हवा असतो, क्लोराइड फारसे नको. त्यामुळे मिठाऐवजी सोडियम सल्फेट वापरतात आणि पोलाद गंजण्यापासून वाचते.

केळीचे काय, हेही तुम्ही विचाराल. निर्यातीच्या प्रतवारीत न बसलेल्या पिकलेल्या केळीत साखर चांगली असते आणि प्रयोगशाळेत ती वापरून पाहण्यासारखी आहे. पण केळी हंगामी, तंतुमय आणि जंतूंनी भरलेली, आणि तिच्यातल्या साखरेचा काही भाग सुक्रोजच्या रूपात असतो. यांतले बरेच वाण सुक्रोज थेट खाऊ शकत नाहीत, ते आधी फोडून द्यावे लागते. मळीचीही तीच गोष्ट. खाद्य तेलासाठी माझी पसंती मक्याच्या ग्लुकोजलाच राहील.

आता आईंविषयी. शायझोकिट्रियमपासूनचे डीएचए तेल मासळीच्या तेलाची जागा घेऊ शकते. काही वाणांच्या तेलात डीएचएबरोबर ईपीए हे दुसरे स्निग्धाम्लही असते. आपल्या घरातले शेंगदाण्याचे आणि सरकीचे तेल ओमेगा-3 जवळजवळ देत नाही. जवसाची चटणी देते, आणि ती चालूच ठेवावी, पण जवसातले स्निग्धाम्ल डीएचएपेक्षा छोट्या साखळीचे असते आणि शरीर त्यापैकी फारच थोडे, बहुधा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, डीएचएमध्ये बदलू शकते. प्रौढ व्यक्तीसाठी ईपीए आणि डीएचए मिळून रोज 250 मिलिग्रॅम ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. गरोदर स्त्रीसाठी 300 मिलिग्रॅम, त्यात किमान 200 डीएचए.

कॅप्सूल घेताना तेलाचे वजन पाहू नका, डीएचए किती मिलिग्रॅम ते पाहा. पाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये डीएचए दोनशेच असू शकते. आतले तेल शाकाहारी असले तरी वरचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असू शकते, तेव्हा हिरवे चिन्ह तपासा. एक कॅप्सूल फोडून वास घ्या. ताज्या तेलाला समुद्राचा हलका वास येतो, पण रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला तर ते खवट झाले आहे. उन्हाळ्यात बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि हे तेल फोडणीला कधीही वापरू नका.

अपेक्षाही रास्त असाव्यात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हायटल या सुमारे 26 हजार लोकांवरच्या अमेरिकी चाचणीत, रोज एक ग्रॅम ओमेगा-3 घेतल्याने मोठ्या हृदयविकारांच्या एकूण प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही. मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा धोका काही जणांत वाढतो. आईंना रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

शेवटी कराराविषयी. सही करण्याआधी त्या प्रतिनिधीकडून मे महिन्यासह सलग वर्षभराचे कोरड्या वजनाचे आकडे, रोज घातलेल्या पाण्याची नोंद, आणि तुमच्यासारख्याच कोरड्या मुलखात चालू असलेले तळे प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागा. वाण कोणाच्या मालकीचा आहे आणि खरेदी ओल्या लगद्याच्या वजनावर होणार की तेलाच्या टक्केवारीवर, हे लेखी घ्या. तो हे देऊ शकला नाही तर विषय तिथेच संपवा. तुमच्या पदवीचा उपयोग करायचाच असेल तर जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किण्वन तंत्रज्ञानाचे पुढचे शिक्षण घ्या आणि दोन-तीन वर्षे एखाद्या एन्झाइम किंवा यीस्टच्या कारखान्यात पाळीवर काम करा. त्यानंतर पाच लिटरच्या फर्मेंटरवर (किण्वनाच्या टाकीवर) मक्याच्या ग्लुकोजचे प्रयोग सुरू करता येतील. नवा वाण अन्नासाठी वापरायचा झाल्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची 2017 च्या नियमांखालची पूर्वमान्यता लागेल आणि खारफुटीतून तो गोळा करण्याआधी जैवविविधता मंडळाकडे जावे लागेल. ती कागदपत्रे वेळ खातात, म्हणून प्रयोगांबरोबरच त्यांचीही सुरुवात करा.